दिवसाढवळ्या बंद दार

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलंच, तर घरात आजारपण असतं, भांडण असतं किंवा त्याहून वाईट काही. त्यामुळे शेजारच्या नूपुरनं घरून काम करताना सकाळी दोन तास दार लावून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागली. मालनवहिनी तर सुंठेचा काढाच घेऊन आल्या.

"काकी, एकाग्रतेनं काम करायची वेळ आहे माझी," नूपुर म्हणाली.

"एकाग्रता? आमचे मामंजी गिरणीच्या भोंग्यात झोपायचे!"

बुधवारी मात्र टीम लीडरच्या जागेसाठी नूपुरची मुलाखत होती, लॅपटॉपवर. ही जागा तिची दोनदा हुकली होती. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "आबा, उद्या अकराला तासभर कुणाला दार वाजवू देऊ नका. तुम्ही बाहेर बसलात तरी पुरे."

मी ग्रंथालयात नोकरी केली, पण वाचकांना गप्प बसवणं मला कधी जमलं नाही. हे तिला सांगायला हवं होतं. मी "हो" म्हणालो.

अकराला तिच्या दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक घेऊन बसलो. मालनवहिनी आल्या. बोललो तर आत ऐकू जाईल, म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं आणि नुसते हात जोडले. त्यांचा चेहरा उतरला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना पाहून पलीकडच्या खोलीतला सीताराम आला, टोपी काढून उभा राहिला. मग हितेंद्र. कुणी चकार शब्द काढेना. मला वाटलं, आपल्याला छानच जमतंय.

इतक्यात खालच्या मजल्यावरची बकुळा बाजारातून आली. बंद दार आणि बाहेर मान खाली घातलेली माणसं बघून तिनं पिशवी टाकली आणि गळाच काढला, "अगो माझ्या बायो, अशी कशी गेलंस गो!"

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला पायजमा अशी नूपुर उभी. मागून तिची आई मेथीची जुडी घेऊन धावत आली. "अगं बाई, कोण गेलं?"

बकुळाचं तोंड उघडंच राहिलं. मी उठलो तसं पुस्तक पडलं. पोरीची जागा मी घालवली होती.

नूपुरनं क्षणभर आमच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन कानातले इअरफोन काढले, लॅपटॉपच आमच्याकडे वळवला आणि पडद्यावरच्या माणसांना इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. पण तुम्ही आत्ताच विचारलंत, टीममधलं कुणी अडचणीत असून बोलत नसेल, तर मी काय करेन? आमच्याकडे एक दार तासभर बंद राहिलं, तर हे सगळे येतात. मीही अशीच जाऊन विचारेन. फक्त रडणार नाही."

पडद्यावरचा चष्मेवाला गृहस्थ पोट धरून हसला. "त्या मावशींना पाणी द्या आधी," तो चक्क मराठीत म्हणाला.

दार पुन्हा लागलं. मी कुजबुजत सगळ्यांना मुलाखतीचं सांगितलं.

"मग कुणी गेल्यासारखे हात कशाला जोडलेत, भावोजी?" मालनवहिनी फिस्कारल्या.

अर्ध्या तासानं नूपुर बाहेर आली. "सोमवारी परळच्या ऑफिसात बोलावलंय. पगाराचं बोलायला!"

"मी येव काय सोबत?" बकुळानं विचारलं.

"नको!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. त्यात माझाही आवाज होता, बऱ्यापैकी मोठा.