शेडमध्ये जमा

आमचे हे तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, ह्यांनी स्वतःला केलं नाही. तिथले लोक सुटले आणि मी सापडले.

परसातली शेड मुळात माझ्यासाठी बांधली होती. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं. मी घरी कपडे शिवते. मशीन झोपायच्या खोलीत, कापड बेतायचं जेवणाच्या टेबलावर, आणि माप द्यायला आलेल्या बायका स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभ्या. अर्धी शेड तुझी, असा ह्यांनी शब्द दिला होता. चार वर्षांत त्या अर्ध्यात मोडक्या सायकली, गळक्या बादल्या आणि रंगाचे वाळलेले डबे मुक्कामाला आले.

यंदा एका शाळेने चाळीस शर्टांचं काम देऊ केलं. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. फक्त शाळेच्या बाई पुढच्या शुक्रवारी जागा बघायला येणार होत्या, आणि फ्रिजपाशी चाळीस शर्ट शिवून होतात हे काही त्यांना पटलं नसतं. मी ह्यांना म्हटलं, आता तरी शेड मोकळी करा. त्याच दिवशी मशीनवर कव्हर घातलं आणि हलवायची वाट बघत बसले.

खोटं कशाला बोलू, काम झकास केलं. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्या ठोकल्या. जड सामान खाली, हलकं वर, शिडी छताला आडवी, सायकली भिंतीवर टांगलेल्या. दाराच्या मागच्या बाजूलासुद्धा खिळ्यांच्या बरण्या. प्रत्येक हत्याराचा आकार भिंतीवर रंगवला, म्हणजे पकडीने चुकून हातोडीच्या घरी जायला नको. सहाव्या दिवशी अर्धी शेड खरोखर रिकामी झाली. मी खिडकीखालची जागा मशीनसाठी बघून आले. चक्क आनंद झाला मला.

पण रिकामी फळी बघून स्टोअरकीपरला चैन पडतं होय? जागा आहेच म्हणून ह्यांनी घर तपासायला घेतलं. नियम कारखान्याचाच: आठ दिवस जिला हात लागला नाही ती वस्तू स्टोअरमध्ये जमा. पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, मोठी पातेली गेली, माझी छत्री गेली. गुरुवारी मी बाजारातून आले तर मशीन जागेवर नव्हतं. कव्हर घातल्याला नेमके आठ दिवस झाले होते. मशीन शेडमध्ये पोचलं होतं खरं, पण सगळ्यात खालच्या फळीवर, गाद्यांच्या मागे, खोक्यात, वर नंबराची चिठ्ठी लावून.

हे बाजूलाच शाबासकीसाठी उभे होते.

"आठ दिवस ज्याचं कुणाला काम पडलं नाही, ते आत टाकायचं ना?" मी म्हणाले. "मग तुम्ही कुठल्या फळीवर बसणार, तेवढं सांगून ठेवा."

ह्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि घरात गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे. वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी परसात आले तेव्हा गाद्या पुन्हा घरात होत्या. मशीन खिडकीखाली मांडलेलं, तेल घातलेलं. शेजारी बेतायचं टेबल, आणि त्याच्या चारही पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे, डगमगायला नको म्हणून. बाईंनी जागा पाहिली आणि काम माझ्याकडे दिलं. त्या गेल्यावर हे दारातच घुटमळले.

"बटणं लावता येतात मला," एवढंच म्हणाले.

मी पहिला शर्ट दिला. ह्यांनी पट्टीने मोजून, एका रेषेत सात बटणं अर्ध्या तासात लावली. मी चष्मा घालून खोट काढायला बसले, एकही सापडली नाही. ह्या वेगाने चाळीस शर्ट किती दिवस पुरणार? म्हणून हे चहाला उठले की मी एखाद्या शर्टाची दोन बटणं उसवते आणि तो पुन्हा त्यांच्या ढिगात सरकवते. सैल बसली होती, असं सांगते. हे मान हलवतात आणि सुईत नवा दोरा ओवतात.