शेपटी येईपर्यंत

राग मला लवकर येतो आणि उशिरा जातो. हा तर अजून गेलेलाच नाही. तेव्हा ऐकायचं असेल तर ऐका, पण मध्येच 'जाऊ दे गं' म्हणू नका.

माझं मोटारसायकलच्या सीटा शिवायचं दुकान आहे. आमच्या मोटारसायकल-क्लबातल्या निम्म्या लोकांच्या बुडाखाली माझी शिलाई आहे, म्हणून सगळे मला सीटवाली म्हणतात. माझी स्वतःची गाडी आहे, आणि ती बाबांच्या डोळ्यांत खुपते. बाबा सुतार. गावभर लोकांना दारं करून दिली, पण माझ्या गाडीला स्वतःच्या दारात कधी उभं राहू दिलं नाही. त्यांच्याकडे जायचं तर बसनं जायचं, नाहीतर घरी बसायचं. "हातपाय मोडून घ्यायची हौस आलीय तुला," हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

यंदा क्लबाची शनिवार-रविवारची सफर नेमकी बाबांच्या गावच्या महोत्सवाला ठरली. चार वाजता मैदानाच्या कमानीतून सगळ्या गाड्या रांगेनं आत शिरणार, बँड वाजणार. मी बाबांना फोन केला. बराच वेळ पलीकडून नुसतं खाकरणं. मग म्हणाले, "कमानीपाशी थांबतो. बघू तरी काय दिवे लावतेस ते."

बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मी लगेच कॅप्टनला गाठलं. कॅप्टन म्हणजे आमच्या क्लबाचा म्होरक्या. फर्निचरचं शोरूम आहे त्याचं, बोलणं गुळासारखं. म्हटलं, मला पुढं राहू दे, बाबा पहिल्यांदा बघायला येतायत. "अगं, माझ्या मागची गाडी तुझीच! बाबांना माझ्यानंतर तूच दिसशील," म्हणाला.

आता आमची एक पद्धत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फाटा आला की कॅप्टन मागच्या एखाद्याला खूण करतो. त्यानं फाट्यावर थांबायचं आणि बाकीच्यांना हात करून वाट दाखवायची. सगळ्यात शेवटी येते ती शेपटी, म्हणजे लाल झेंडी लावलेली शेवटची गाडी. ती गेली की थांबलेल्यानं निघायचं. तोपर्यंत हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. हा नियम कॅप्टननंच केलेला. दर बैठकीत घोकून घेतो आमच्याकडून.

पहिल्या दोन फाट्यांवर त्यानं माझ्या मागच्यांना थांबवलं. गावाच्या अलीकडे शेवटचा फाटा आला आणि त्याचं बोट माझ्याकडे वळलं. मला वाटलं चुकून झालं. मी मान हलवली. त्यानं पुन्हा बोट दाखवलं. मागे वळून बघितलं तर तिसऱ्या गाडीवर व्हिडिओ काढणारा. त्याला कसा थांबवणार! मग आत शिरतानाचा कॅप्टनचा मुखडा कोण टिपणार?

थांबले. दात-ओठ खात थांबले, पण थांबले. गाड्या एकेक करून गेल्या, कुणी हात केला, कुणी हॉर्न दिला. मग रस्ता रिकामा झाला. शेपटी काही येईना.

शेपटीवर होता कॅप्टनचा मेहुणा. हा माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा पोचला होता, म्हणून म्हटलं येईल. फोनला रेंज नाही. डावीकडचा रस्ता दगडाच्या खाणीत उतरतो, कठडा नाही, काही नाही. मी निघाले आणि मागून एखादा नवखा त्या रस्त्याला लागला तर? कुणाची गाडी बंद पडली असेल, मेहुणा त्याच्याजवळ थांबला असेल. शेपटीचं कामच ते. मी स्वतःला असं समजावत राहिले आणि जाकिटात उकडून निघाले.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. "ताई, वाट चुकलात का?"

"मी नाही चुकले. मी वाट दाखवतेय."

त्यानं मागे बघितलं, पुढे बघितलं. "कुणाला?" म्हणाला. ट्रॅक्टरच्या चाकाला लाथ मारावीशी वाटली, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आणि मग टेकाडापलीकडून बँड ऐकू आला. इतक्या जवळ होते मी. ढोलाचा ठोका मोजता येत होता. म्हणजे गाड्या कमानीतून आत शिरत होत्या आणि बाबा तिथं उभे राहून प्रत्येक हेल्मेटच्या आत मला शोधत होते. मी मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. कॅप्टनला, मेहुण्याला, व्हिडिओवाल्याला आणि स्वतःलाही. ऐकायला एक म्हैस होती, तीही निघून गेली.

बँड थांबला. त्यानंतर बऱ्याच वेळानं गावाकडून एक सायकल येताना दिसली. वाकडीतिकडी, चढाला धापा टाकत. सायकलवर बाबा.

सायकल तशीच रस्त्यात टाकून ते माझ्यासमोर आले. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझे दोन्ही दंड चाचपले. आणि मग ओरडले, "धडधाकट आहेस ना? मग इथं काय खांबासारखी उभी आहेस!"

"शेपटी आली नाही अजून."

"खड्ड्यात गेली तुझी शेपटी! प्रत्येकाला विचारलं मी, आमची मुलगी कुठंय. 'येईल मागून, येईल मागून.' मागं कोणीच नव्हतं! मी काय समजायचं?"

"मला हौस आहे का इथं उभं राहायची? मागून कुणी खाणीत गेलं असतं तर?"

त्यांनी खाणीच्या रस्त्याकडे बघितलं आणि माझा दंड पुन्हा घट्ट धरला. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि माझ्या रागाचा पार भडका उडाला.

तेवढ्यात लाल झेंडीच्या गाडीवर कॅप्टन आला, मागे मेहुणा. मेहुण्याच्या हातात आइस्क्रीम. कालव्याकडच्या रस्त्याला सावली असते, म्हणून हा दुसऱ्या फाट्यानंतर तिकडून गेला होता. सगळ्यांच्या आधी पोचला होता.

"अगं, तू अजून इथंच?" कॅप्टन हसला. "एवढं काय ते! थोडं डोकं चालवायचं, निघून यायचं."

मी काय बोलले ते बाबांसमोर बोलायला नको होतं. पण बाबांनी मला अडवलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "यातली शेपटी कुठली?"

मेहुण्यानं आइस्क्रीमचा हात वर केला.

"मग मागं जा आणि तिच्यासमोरून ये. त्याशिवाय ती हलायची नाही. मी ओळखतो तिला."

मेहुण्यानं कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टननं बाबांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मेहुणा मागे गेला, वळला, आणि लाल झेंडी फडकवत माझ्यासमोरून गेला. मी त्याला नियमाप्रमाणे हात केला.

बाबांनी सायकल उचलून कॅप्टनच्या हातात दिली. "शेजाऱ्याची आहे. जपून आणा." आणि माझ्या गाडीवर मागं बसले. आयुष्यात पहिल्यांदा. पकडायचं कुठं तेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी मला कमानीतून आत येताना बघावं, एवढंच मला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी मला मनातल्या मनात मेलेली बघितलं, कुणाला तरी व्हिडिओ हवा होता म्हणून. हे मी माफ करणार नाही.

मैदानावर सगळं आटोपलं होतं. बँडवाले वाद्यं खोळीत घालत होते, क्लबातले लोक खाण्याच्या गाड्यांभोवती उभे होते. कमानीपाशी बाबा म्हणाले, "थांबव." उतरले. केस नीट केले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

"जा मागं. आणि आत ये."

"संपलं ना बाबा सगळं."

"त्यांचं संपलं असेल. मी तुला बघायला आलोय."

मी वळणापर्यंत मागे गेले आणि फिरले. कोणी वाजवत नव्हतं, कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. खाणाऱ्यांचे हात थांबले होते. मी कुणाकडेही बघितलं नाही. कमानीखालून जाताना बाबांचा आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"पाठ ताठ ठेव! आणि रडतेस काय, पुढं बघ!"