हेमराजभाऊंची रजा

श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांबाहेर जात नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि पुनवेच्या आत घरच्यांनीच ते रोट संपवायचे. म्हणून मामंजींनी माझ्या धाकट्या दिरांना, हेमराजभाऊंना, फोन केला, "तू ना येशी तर तुन्हा रोट कोन खाई?"

भाऊ सरकारी नोकरीत. कंपनीने बनवलेले तोफेचे गोळे पावसात भिजवून उडवून बघतात, तेव्हा सरकारतर्फे ते समोर उभे असतात. मागच्या खेपेला काही गोळे फुटलेच नव्हते. फेरचाचणी मंगळवारी ठरली होती, म्हणून निर्धास्तपणे ते शनिवारी गावी, ब्राह्मणपुरीला आले.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी विसर्जन करून परतलो आणि भाऊंचा फोन वाजला. श्रावणी सोमवारी घरची पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. फुलं निवडत मी ऐकत राहिले.

"शनिवारीच उडवले? बघायला कोण होतं?... कंपनीचीच माणसं? अहो, मी रजेवर होतो, मेलो नव्हतो!... मग माझी हरकत लिहून घ्या... का नाही?"

पूजा झाल्यावर मी हलकेच विचारलं, "काय झालं, भाऊ?"

"नवा नियम, वहिनी. आमचा माणूस हजर नसला तर कंपनीचा अहवाल चालतो. साहेबांनी पास केलं. माल रवानासुद्धा झाला."

"आजच निघा मग."

"निघतोच. पण आता माझं कोण ऐकणार?"

पानं मांडली. चुलतसासूबाई, तुळशीबाई, वाढत होत्या. त्यांचा योगेंद्र तोफखान्यात, सीमेवर. त्याच्या वाट्याचा रोटही त्यांनी भाऊंच्या ताटात ठेवला.

"खाय रे, सायेब! लाजस का? पिझ्झा खाईसन पोट बिघडनं का?"

सगळे हसले. भाऊसुद्धा ओठांतल्या ओठांत हसले.

तूप वाढता वाढता तुळशीबाईंनी विचारलं, "मन्हा योगेंद्रले तू दखेल गोळाच भेटतस ना? मी तं सगळास्ले तेच सांगस."

भाऊंनी घास ताटात ठेवला. ‘हो, मी तपासलेलेच’ म्हणाले असते तर जेवण सुखाने झालं असतं.

"आवनदा ह्या मी दखेल नही शेतस, काकू."

"मंग कोन दखं?"

"कोनीच नही."

त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली. मामंजी म्हणाले, "रोट खावाले मी तुले बलायं नसतं तं..." आणि त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं.