हिरव्या दोऱ्याची शिलाई

आपल्याला माणसं ओळखता येतात, याबद्दल उत्कर्षाला कधीच शंका नव्हती. नववी ‘ब’ची ती मॉनिटर. वडील नागोराव हिंगोलीहून बोईसरला कारखान्यात लागले तेव्हा ती पाचवीत होती. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तिनं बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मागून घेतलं, ते अजून तिच्याचकडे होतं. त्यामुळे जूनमध्ये दर्पण तामोरे वर्गात आला, तेव्हा तिला एकदाच बघणं पुरलं.

दर्पण तारापूरकडच्या कोळीवाड्यातून शेअर रिक्षानं यायचा. एक वर्ष मागे पडलेला, म्हणून वर्गात सगळ्यात थोराड. डाव्या भुवईतून आरपार गेलेला व्रण, आणि आवाज असा की होडीतून किनाऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी. पहिल्याच दिवशी त्यानं पुढच्या बाकावरच्या मितेशला विचारलं, “पेन हाय?”

मितेशनं स्वतःचं पेन दिलं, शेजाऱ्याचं दिलं, मग अख्खी कंपासपेटी पुढे केली. दर्पण त्या पेटीकडे बघत राहिला. त्याच्या भुवया आक्रसल्या. मितेशनं घाईघाईनं हातातलं घड्याळ काढायला घेतलं.

आधीच्या शाळेतून तो हात मोडून आलाय, असं पोरं सांगत. कुणाचा हात, यावर वर्गात दोन पक्ष होते.

उत्कर्षा घाबरली नाही. तिनं पाळत ठेवली. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीची लहान मुलं एकेकटी सायकल स्टँडच्या मागे जातात, इकडेतिकडे बघत, दप्तर छातीशी धरून. दर्पण तिथे बसलेला असतो. मूल दप्तर त्याच्या हवाली करतं. आठवडाभर तिनं हे पाहिलं. हप्ता! दुसरं काय असणार? आणि मंगळवारी तिला त्याच्या हातात चकाकणारं पातं दिसलं.

ती धावली नाही. ताठ मानेनं चालत सुपरवायझर कमलाकांत सरांकडे गेली आणि सगळं क्रमानं सांगितलं.

सरांनी दर्पणचं दप्तर टेबलावर रिकामं केलं. वह्या, नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याचं रीळ, प्लास्टिकची एक चपटी सुई, आणि हिरव्या मुठीची छोटी सुरी.

“ही कशाला आणलीस?”

“कापाला.”

“काय कापायला?”

“दोरा.”

“मला शहाणपणा शिकवतोस? लहान मुलं तुझ्याकडे कशाला येतात?”

दर्पणच्या भुवया आक्रसल्या आणि त्यानं खिडकीबाहेर बघितलं. “ते नाय सांगायचा.”

आईला घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही, असं सरांनी बजावलं. सुरी त्यांनी ठेवून घेतली. दर्पण बाकीचं दप्तर भरून निघून गेला. त्या दिवशी मितेशनं उत्कर्षाला आपल्या डब्यातला लाडू दिला. तिनं तो हक्कानं खाल्ला.

बुधवारी ती मुद्दाम सायकल स्टँडमागे गेली. तिथे पाचवीतली बुधी उभी होती. आतल्या पाड्यावरून येणारी, काटकुळी पोर. दप्तराचा तळ तिनं दोन्ही हातांनी खालून धरला होता.

“आता भिऊ नको,” उत्कर्षा म्हणाली. “तो नाही आलेला. काय काय घेतलं त्यानं तुझ्याकडून?”

“काय घेल?” बुधीला कळेना. “ताई, दादा कधी येल?”

“कशाला पाहिजे तुला तो?”

बुधीनं दप्तर उलटं करून दाखवलं. तळ उसवला होता. अर्धा भाग हिरव्या दोऱ्यानं पक्का शिवलेला, जाळ्याची फाटलेली जागा शिवावी तसा, गाठीला गाठ लावून. उरलेल्या अर्ध्यातून वह्या डोकावत होत्या.

“काल घंटा झाली म्हणून ऱ्हायला. तू सांगू नको कोणाला. फाटक्या दप्तराला पोरी हसतात. दादा बोलला, मी नाय सांगणार.”

उत्कर्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घंटा झाली तरी ती तिथेच उभी होती.

असा हिरवा दोरा तिनं घरीही कुठेतरी पाहिला होता. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं सहावीतल्या भावाचं, जितेशचं दप्तर ओढून घेतलं. पट्ट्याच्या मुळाशी तोच हिरवा दोरा.

“आई, हा पट्टा तू शिवलास ना?”

मैनाबाई भाकरी थापत होत्या. “मी कधी शिवला माय? मला तर वाटलं तूच शिवलास.”

जितेश कोपऱ्यातून म्हणाला, “दर्पणदादानं शिवलाय. कधीचाच.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला काही सांगितलं की तू फळ्यावर लिहितेस.”

त्या रात्री उत्कर्षाला जेवण गेलं नाही. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. सकाळी जितेशला कापडी पिशवीत वह्या भरून दिल्या, त्याचं दप्तर काखोटीला मारलं आणि ती थेट कमलाकांत सरांच्या खोलीत गेली. दर्पण दाराशी उभा होता. त्याची आई यायची होती.

“सर, मला तक्रार मागे घ्यायची आहे.”

“मागे कशी घेणार? सुरी सापडली ना?”

“सुरी खरी आहे. बाकीचं सगळं मी मनानं लावलं. हे माझ्या भावाचं दप्तर. फाटलं होतं, यानं शिवलं. पैसे नाही घेतले, काही नाही घेतलं.”

सरांनी चष्मा वर करून पट्टा ओढून पाहिला. जोरात ओढला. हलला नाही.

“आणखी कुणाकुणाची शिवली यानं?”

नाव तिच्या जिभेवर आलं होतं. नावं देणं हेच तर तिचं काम. उत्कर्षानं दाराकडे पाहिलं, मग सरांकडे.

“मला माहीत आहे, सर. पण सांगणार नाही.”

दर्पणनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. भुवया आक्रसल्या. आणि तिच्या लक्षात आलं, की हा रागानं बघत नाहीये. विचार करताना त्याचा चेहराच असा होतो.

तेवढ्यात दर्पणची आई नलू आली. बाजारातून तशीच आलेली, अंगाला मासळीचा वास. लेकाचा आवाज कुठून आला, ते तिनं तोंड उघडताच कळलं.

“काय केला यानं, सर?”

सरांनी सुरी पुढे केली. नलूचे डोळे मोठे झाले.

“अरं, ही तर माझी हाय! चार दिस शोधतंय मी! शेजारच्या भागीनं नेली म्हणून तिला नाय नाय ते बोलले. चार दिस तिच्याशी बोलत नाय!” तिनं लेकाच्या दंडावर चापट मारली. “आता भागीच्या पाया कोण पडल? तू?”

“पडतो,” दर्पण म्हणाला.

कमलाकांत सरांनी हसू लपवायला रुमाल काढला. मग गंभीर होऊन निकाल दिला. सुरी घरी जाईल आणि शाळेत परत दिसणार नाही. दोरा कापायला चित्रकलेच्या कपाटातली कात्री मिळेल. शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेची खोली उघडी राहील, आणि तिथे कोण येतं ते कुणीही विचारणार नाही, सरसुद्धा नाही.

पहिल्या तासाला उत्कर्षा वर्गापुढे उभी राहिली. तिनं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, “दर्पणबद्दल मी सरांना जे सांगितलं ते चूक होतं. तो हप्ता घेत नव्हता. काय करत होता, ते त्याला वाटलं तर तो सांगेल.”

सगळा वर्ग मागे वळला.

“नाय वाटत,” दर्पण म्हणाला.

मितेशला चुकून हसू फुटलं आणि त्यानं लगेच तोंडावर हात दाबला. पण दर्पणही हसला होता, मोठ्यानं, अख्खा बाक हलवून. मग सगळेच हसले.

शनिवारी बुधी सगळ्यात आधी आली. तिचा तळ पुरा झाल्यावर उत्कर्षानं ती चपटी सुई उचलली आणि एक फाटका पट्टा समोर ओढला.

“मलाही शिकव. मला पटकन येतं.”

दर्पणनं गाठ एकदा दाखवली. तिनं मारली. त्यानं बोटानं ओढली, ती सुटून आली.

“परत,” तो म्हणाला.

उत्कर्षानं दोरा सरळ केला आणि परत मारायला घेतली.