एक्केचाळीस हाका

मित्रांनो, ज्याने घडवले त्यानेच एक दिवस माझे तोंड उपटून न्यावे आणि घरात कुणाला शब्दही सांगू नये, या वागण्याला काय म्हणायचे? मी एक जुनी बोलावण्याची घंटी आहे. विकतची नव्हे, घरी केलेली. साबणाच्या डबीत माझा संसार. आत काडेपेटीएवढी निळी पाटी, तिच्यावर गोमेसारखे पाय असलेला काळा चौकोन. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. नाव तोंडभर, अक्कल मात्र शिकवाल तेवढीच!

या घरच्या वडिलांना झटका आला. जन्मभर बस चालवलेला माणूस. उजवे अंग गेले, वाचा गेली. आईने शिवणयंत्र त्यांच्या खाटेशी ओढले आणि तिथेच शाळेचे गणवेश शिवू लागली. पण त्या खडखडाटाने त्यांच्या कपाळावर आठी पडे. तेव्हा लेकाने मला करायला घेतले. आई त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणे, कारण घरातला रेडिओ त्याने तीनदा उघडला होता आणि एकदाच मिटला होता.

पण माझ्यावर त्याने जीव लावला, खोटे कशाला बोलू? बोटे भाजून घेत एकेक तारेला डाख दिला. लाल बटण वडिलांच्या डाव्या हाताला बांधले. ते दाबले की माझा बझर दोन खोल्या ओलांडून कोकलायचा आणि डबीच्या छोट्या काचेवर दाबांचा आकडा एकाने चढायचा. आई धावत यायची, डबीवरचे हिरवे 'आले' बटण दाबायची, की आकडा पुसून शून्य.

"आता तुम्ही हाक मारा, मी आलेच," आई म्हणाली आणि शिवणयंत्र मागच्या खोलीत घेऊन गेली. वडील पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने. डॉक्टरांनी शाबासकी दिली. शेजारीण तर म्हणाली, "आमच्या ह्यांना बोलता येतं, तरी एक करून दे. निदान बंद तरी करता येईल!"

वर्षभर मी एकही हाक चुकवली नाही.

मग विज्ञान प्रदर्शन आले. टाळी वाजवली की धावणारी गाडी लेकाने केली होती. ऐन सकाळी तिचा बझर जळाला. दुकाने उघडायला अवकाश होता. हे हौशी लोक नव्या खेळण्यासाठी जुन्याचे आतडे काढतात, ती त्यांची रीतच. आई न्हाणीघरात असताना त्याने माझे झाकण उघडले, बझर काढला, झाकण लावले. "दोन दिवसांत परत लावतो," असे मला म्हणाला. मला! आईला नाही.

त्याच दुपारी वडील उशीवरून घसरले. कफ घशात अडला. त्यांनी बटण दाबले. मी शिकवल्याप्रमाणे ओरडले, पण ओरडायला तोंड कुठे होते? मागे यंत्र खडखडत होते. घंटी गप्प म्हणजे स्वारी झोपली, असे आईने धरले. दाब आधी सावकाश आले, मग घाईघाईने. शेवटचा दाब सुटलाच नाही.

काचेवर एक्केचाळीस.

मित्रांनो, नवे जरूर करा. पण ज्या वस्तूवर कुणी डोके टेकून झोपते, तिचा खिळासुद्धा न सांगता काढू नका.

आकडा विझेल म्हणून आईने माझी वायर भिंतीतून काढू दिली नाही. रोज ती माझ्यावरची धूळ पुसते, बटणांना मात्र बोट लागू देत नाही. महिन्याने लेक बझर घेऊन आला.

"आई, मी दोनच दिवसांसाठी…" तो म्हणाला. "निदान हा आकडा तरी पुसू दे. बघवत नाही." आणि त्याने हिरव्या बटणाकडे हात नेला.

आईने मनगट धरले.

"हात लावू नकोस. ते बटण 'आले' म्हणायचं आहे. तू आलास कुठे? मीही आले नाही. पण मी तुझ्या घंटीच्या भरवशावर बसले होते, तू कुणाच्या बसला होतास? ऐक, शास्त्रज्ञा. तू हुशार आहेस, भरवशाचा नाहीस. उद्या मी अंथरूण धरलं तर माझ्या उशाशी यंत्र ठेवू नकोस. खुर्ची ठेव, आणि तिच्यावर तू बस."