रविवारी भरून काढलेला व्यायाम

वाचकहो, प्रस्तुत कथेत मी माझ्या उजव्या खांद्याचा वृत्तांत निवेदन करणार आहे. व्यायाम करणे एक वेळ सोपे, परंतु तो रोज तेवढाच करणे किती कठीण, हे मला स्वतःच्या देहावर शिकावे लागले. त्यात जिथे माझे चुकले ते मी लपवणार नाही.

मी कापड बेतणारा कारागीर आहे. पत्नीचा धाकटा भाऊ आणि मी मिळून शिवणकामाचे दुकान चालवतो. तो गिऱ्हाइके आणि मशीनवरचे पाच कारागीर सांभाळतो. मी लांब टेबलाशी उभा राहून खडूने आखतो व कात्री चालवतो. बावीस वर्षांत त्या टेबलावर माझ्यावाचून दुसऱ्या कोणाची कात्री फिरली नव्हती. अशा स्थितीत माझा खांदा आखडला. हात छातीपर्यंत यावा आणि आतून कोणी कडी लावल्यासारखा तिथेच अडावा. टेबलाच्या पलीकडच्या कडेला कात्री पोहोचेना.

मेहुणा म्हणाला, "दाजी, दीड महिन्यावर बँडवाल्यांचे बेचाळीस कोट आहेत. कापड जाड आहे. तुमचा हात चालला तर तुम्हीच बेता. नाहीतर मी दुसरा कटर बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे टेबलाशी उभा करतो. आणि एकदा उभा केला की तो चार दिवसांचा पाहुणा नसणार, हे आधीच सांगतो."

त्याच्या मनात कपट नव्हते. परंतु त्या क्षणापासून माझ्या जिवाला स्वस्थता राहिली नाही.

दवाखान्यातील व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला भिंतीसमोर उभे केले. बोटे भिंतीवर टेकवून मुंगीसारखी वर वर न्यायची, दुखू लागले की थांबायचे, दहा श्वास मोजायचे आणि खाली आणायची. "दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा," बाई म्हणाल्या. "सोपं वाटतं म्हणून सोडू नका, मास्तर."

आरंभीचे दोन दिवस मी निष्ठेने केले. मात्र दर वेळी बोटे जिथवर गेली तिथे मी खडूची रेघ मारी आणि टेपने मोजी. पाव इंचाचाही फरक नाही! मग मी दिवसातून वीस-वीस वेळा हात उचलून पाहू लागलो. पायऱ्या चढताना, चहा पिताना, गिऱ्हाइकाचे माप घेता घेतासुद्धा. एका गृहस्थांना वाटले, मी त्यांना निरोपच देतो आहे. हात तपासण्यातच सारा जीव खर्च होऊ लागला आणि खरा व्यायाम मागे पडला. आज नको, उद्या करू, असे करता करता लागोपाठ पाच दिवस गेले.

इथे माझी चूक झाली, आणि ती आमच्या धंद्यातल्या सवयीने झाली. आमच्याकडे राहिलेले काम वाया जात नाही, ते तुंबते. आणि कपडे द्यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत उरकता येते. मी हिशेब मांडला: पाच दिवसांचे दीडशे, आजचे तीस, एकूण एकशे ऐंशी. रविवारी सकाळी मी बाह्या सरसावून भिंतीला भिडलो.

पत्नीने स्वयंपाकघरातून डोकावून विचारले, "अहो, भिंत पाडायचा विचार आहे का?"

"पाच दिवसांचं राहिलंय. भरून काढतोय."

"भरून काढताय? कोण दारात उभं राहिलंय मागायला?"

मी उत्तर दिले नाही, कारण आकडा चुकला असता. सव्वाशेनंतर दुखण्याची जात पालटली, तरी मी एकशे ऐंशी पुरे केले आणि कृतकृत्य होऊन खुर्चीत बसलो. सोमवारी सकाळी दात घासायला हात वर जाईना. सदऱ्याची बटणे पत्नीने लावली.

बाईंनी खांदा चाचपून विचारले, "काय केलंत?" मी सांगितले. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "मास्तर, खांद्याला रविवार कळत नाही. काल काय केलंत, एवढंच त्याला कळतं." चार दिवस बर्फाने शेकण्यात गेले. उरला जेमतेम एक महिना.

यानंतर पत्नीने टेप आणि खडू आपल्या कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली. "मोजायचं नाही. करायचं आणि सोडून द्यायचं." वाचकहो, हे सोडून देणेच दुष्कर होते. दहा झाले की हात अकरावा मागे. काही सकाळी मन पहिलासुद्धा नको म्हणे. दहा झाल्यावर मी खोलीत येरझारा घाली, खिडकी उघडी, लावी, पुन्हा उघडी. पण तीस म्हणजे तीसच. एकही दिवस चुकला नाही.

महिना संपला आणि सोमवारी टेबलावर बँडवाल्यांचे कापड येऊन पडले. शनिवारपर्यंत सारे बेतून द्यायचे होते. बाईंनी बजावले होते, "रोज सात कोट. आठवा नको." दुपारी दोनलाच सात झाले. कात्री पलीकडच्या कडेपर्यंत सरळ गेली होती, हातात ऊब होती. मी कात्री खाली ठेवली.

"दाजी, थांबलात का?"

"आजचे सात झाले."

"अहो, पण हात चालतोय ना!"

"चालतोय म्हणूनच थांबलो."

"आणि उद्या नाही चालला तर?"

मेहुणा टेबलाच्या एका बाजूने फिरू लागला, मी दुसऱ्या. शेवटी मशीनवरचा एक कारागीर वैतागून म्हणाला, "मालक, तुम्ही दोघे बसा बघू. फिरताय तुम्ही आणि चक्कर येतेय आम्हाला."

मेहुण्याने माझ्यासमोरच फोन लावला आणि दुसऱ्या सकाळी एक कटर येऊन बसला. वयाने माझ्याहून लहान; स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेली. त्याच्या नजरेसमोर मी सात कोट बेतले. आठव्याचे कापड पुढ्यातच होते. एकदा वाटले, चौदा करून टाकावेत, म्हणजे ही ब्याद उठून जाईल! बोटे कात्रीच्या कड्यात गेलीसुद्धा. पण मी ती बाहेर काढली. बुधवारी सात. गुरुवारी सातवा संपताच तो कटर उठला आणि मेहुण्याला म्हणाला, "साहेब, यांचे रोज सात होतायत. चार दिवसांचे अठ्ठावीस झाले, उरले चौदा. म्हणजे शनिवारी काम खलास. मी इथे बसून काय करू?"

मेहुणा बोटांवर मोजत राहिला. त्याने आठवड्यात प्रथमच मोजले असावे. "तुम्ही जा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "दाजी, चहा सांगू?"

शनिवारी दुपारी बेचाळिसावा कोट बेतून झाला. टेबल माझ्याकडेच राहिले आहे. खांदा मात्र अद्याप पूर्ण सुटलेला नाही; वरच्या फळीवरचे अस्तर काढायला मला स्टूल लागते. आज दोन वेळा व्यायाम झाला, तिसरी वेळ बाकी आहे आणि हात चुळबुळ करतो आहे, म्हणून लेखणी येथेच ठेवतो. एका साध्या कारागिराचे हे लांबलेले निवेदन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
कात्रीमास्तर