नवऱ्यानं तिघींवर लावलं

आमचे हे एका गोष्टीवर कधी भरवसा ठेवत नाहीत. नागपूरले जायचं असलं का रेल्वेचं रिझर्वेशन करतील अन् बसचंही तिकीट काढतील. नवस बोलायचा त गणपतीले बोलतील अन् महामायेलेही. हे सिंचाई विभागात बाबू. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा ऑफिसात सारे धास्तावले, कोणाले भोपाळले राहावं लागते अन् कोणाले रायपूरले. यायनं काय केलं? इथं रायपूरात तेलीबांध्याले घर घेतलं अन् भोपाळलेही एक खोली भाड्यानं धरून ठेवली. त्या खोलीत उंदरं राहिले, भाडं आम्ही भरलं. मी बोलली का म्हणत, "विनोदिनी, माणसानं दोन्ही डगरींवर हात ठेवावा." जसा काही हा मोठा गुणच!

अशा माणसाच्या बायकोनं पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, इलेक्शनले उभं राहावं, म्हणजे पाहा बाप्पा.

मले काही हौस नव्हती. राजधानी झाली म्हणून मंत्र्याईच्या बंगल्यात कारंजे उडून राहिले होते, अन् आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पाण्याचा टँकर आला का बाया एकमेकीच्या झिंज्या धरत. मी जुन्या पार्षदाकडे गेली, म्हटलं, भैया, नळाची लाइन कधी टाकता? तो हसला. म्हणे, "दीदी, इतना शौक है तो खुद लड़ लो." नेमका वार्ड महिलेसाठी राखीव निघाला. मंग काय, लढली! छत्री मिळाली निशाणी. समोर सरला चंद्राकर, म्हणजे त्याच जुन्या पार्षदाची बायको, अन् शंकर नगरच्या वकिलाची बायको शर्मिष्ठा दीदी, जिच्या मागं पाच गाड्या चालत. माह्या मागं पाऱ्यातल्या बाया अन् एक रिक्षा. पण मले वाटे, घरचा माणूस आपल्यासोबत आहे. भाषण लिहून देत, रिक्षाचा भोंगा सुधरवून देत, छत्री घेऊन पुढं चालत.

आमच्या वार्डात एक रीत आहे. लोकं पोस्टर पाहत नाहीत, भाव पाहतात. भनपुरीच्या ट्रकवाल्याईचा सट्टा गोदूच्या पानठेल्यावर चाले. ज्याचा भाव कमी तो जिंकून राहिला असं समजायचं, अन् मंग सारे त्याच्याच मागं. माहा भाव आभाळाले टेकला होता.

मतदान जवळ आलं तेव्हाची गोष्ट. दुपारच्या उन्हात मी एका गल्लीत हात जोडून राहिली होती. एक बाई चाऊर, म्हणजे तांदूळ, निवडत बसली होती. मान वर न करता म्हणे, "दीदी, आपके मिस्टर ने तो सरला पे लगाया है. फिर हम काहे छाता दबाएँ?"

मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा जोडलेले हात सोडले.

तशीच घरी आली. हे चहात पाव बुडवून खाऊन राहिले होते. म्हटलं, "गोदूकडे सरलावर पैसे लावले तुम्ही?"

"फक्त सरलावर नाही," हे शांतपणे म्हणाले. "शर्मिष्ठावरही लावले. अन् तुह्यावरही. तिघींवर."

"काहून?"

"अवो, हिशेब आहे त्याचा. जिची हवा जास्त तिच्यावर जास्त लावायचे, जिची कमी तिच्यावर कमी. कोणीही आली तरी आपला पैसा वापस येते, वरून चहापाण्याचं सुटते. तुह्या इलेक्शनचा खर्च निघून राहिला, अन् तू ओरडतेस."

"सगळ्यात कमी कोणावर?"

"तुह्यावर," हे म्हणाले. माहं तोंड पाहून घाईनं म्हणाले, "पण तुहा भाव सगळ्यात जास्त आहे! तू आली त थोड्याचेच भरपूर होतात. म्हणजे तुही किंमत मोठी झाली का नाही?"

मले रडू आलं, अन् रागानं आलं. सरलेचा नवरा मले हसला त मी सहन केलं होतं. हे नाही झालं सहन. म्हटलं, "तुम्हाले माह्यावर एवढाही भरवसा नाही?"

"भरवसा वेगळा, भाव वेगळा," म्हणे.

मी हात जोडले. नवऱ्यापुढं मतं मागायची पाळी आली, पाहा! म्हटलं, "पैसे कुठंही टाका. मत तेवढं मलेच द्या."

"हव, हव. हे काय सांगा लागते?"

गोष्ट गोदूच्या ठेल्यावरून साऱ्या वार्डात गेली. पानठेल्यावरचे गडी म्हणाले, घरच्यालेच खात्री नाही, छत्री गेली पाण्यात. माहा भाव अजून चढला. मी समजली, संपलं.

पण टँकरपाशी बाया वेगळंच बोलून राहिल्या होत्या. जिचा घरवालाच तिच्या विरोधात, तिले आपण नाही द्यायचं त कोणी द्यायचं? ती चाऊर निवडणारी बाई स्वतः दारोदारी फिरली. मतदानाच्या दिवशी बायांची लाइन शाळेच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली. हे फाटकापाशी उभे, तिघींच्याही टेबलांवर जाऊन जाऊन हालहवाल विचारून राहिले होते.

मतमोजणीत मी निवडून आली. चांगली दणदणीत आली!

मंग पाहा यायचा रुबाब. जुलूस निघाला, उघडी जीप, ढोल. आमच्याकडे बाई निवडून येते अन् हार नवऱ्याले पडतात. त्याले पार्षद-पति म्हणतात, सह्याही तोच ठोकते. पोट्टे नाचून यायच्याच नावानं ओरडून राहिले, "नरेश भैया ज़िंदाबाद!" हे गुलालात न्हाऊन माह्या कानाशी म्हणाले, "पाह्यलं? मी तिकडे लावलं म्हणून बाया चिडल्या, म्हणून तू आली. माह्यामुळंच जिंकली तू."

खोटंही नव्हतं, हेच मेलं वाईट. मी हसलीसुद्धा. म्हटलं, जाऊ दे, आजच्या दिवशी कायले भांडायचं.

तेवढ्यात यायनं लोकाईले नमस्कार करायले दोन्ही हात वर केले. बाया ओवाळायले येत होत्या, साऱ्याईच्या डाव्या हाताच्या बोटावर मतदानाची काळी शाई. माह्याही. यायचं बोट साफ कोरं.

मी हात धरला. "मत नाही टाकलं तुम्ही?"

हे जरा वरमले. मंग समजावल्यासारखं म्हणाले, "मत एकच असते ना. ते तिघींत वाटता येत नाही."

मी ड्रायव्हरले म्हटलं, "भैया, गाड़ी रोको." जीप थांबली, ढोल थांबले.

"काय झालं?"

"उतरा."

"अवो, लोकं काय म्हणतील?"

मी यायच्या गळ्यातले हार काढले अन् जीपच्या बाजूले खाली उभ्या असलेल्या त्या चाऊरवाल्या बाईच्या गळ्यात घातले. म्हटलं, "उतरा अन् आधी सरलाबाईच्या घरी जाऊन रडून या, मंग शर्मिष्ठाबाईच्या. तिथंही तुमचा हिस्सा आहे. नळाची लाइन कुठून टाकायची ते मी पाहते."